कोमाटिआइट कसा वाचावा: अतिप्राचीन लाव्हातून आदिम पृथ्वीचे तापमान शोधताना

पृथ्वी सुमारे 454 कोटी वर्षांपूर्वी घडली. परंतु तिच्या पहिल्या शंभर-सव्वाशे कोटी वर्षांतले खडक फारच थोड्या ठिकाणी टिकून राहिले आहेत. जे टिकले त्यांत आदिम पृथ्वीच्या अंतर्भागातील उष्णतेविषयी सर्वांत थेट बोलणारा खडक म्हणजे कोमाटिआइट. मॉरिस आणि रिचर्ड व्हिल्योन या जुळ्या भावांनी दक्षिण आफ्रिकेतील बार्बरटनच्या डोंगराळ भागात कोमाटी नदीकाठी त्याचा अभ्यास केला आणि 1969 मध्ये नदीच्या नावावरूनच त्याला हे नाव दिले. तेथील कोमाटिआइट सुमारे 348 कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. भूशास्त्राचे विद्यार्थी आणि या विषयाची मनापासून आवड असलेले वाचक यांना असा खडक क्रमाने कसा वाचता येईल, हे पुढे मांडले आहे. मात्र यातला क्रम मोडू नये, अशी आग्रहाची विनंती आहे, कारण या खडकाविषयीच्या बहुतेक चुका घाईने तापमान काढण्यातून होतात.

आपल्याकडे सह्याद्रीत जो काळा कातळ आहे, त्याच्याशी तुलना करून सुरुवात करणे सोपे जाते. दख्खनचा बेसाल्ट सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे कोमाटिआइटच्या मानाने अगदी अलीकडचा आहे. त्यात मॅग्नेशियम ऑक्साइडचे प्रमाण साधारणपणे 5 ते 7 टक्के असते आणि तो लाव्हा 1150 ते 1200 अंश सेल्सिअसच्या आसपास भूपृष्ठावर आला. कोमाटिआइट म्हणवून घेण्यासाठी मात्र लाव्हामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइड 18 टक्क्यांहून अधिक असावे लागते, आणि बार्बरटनच्या काही नमुन्यांत ते 30 टक्क्यांच्या जवळ जाते. मॅग्नेशियम जितके जास्त तितका शिलारस द्रवरूपात राहण्यासाठी तापमान अधिक लागते, या एका साध्या नात्यावर पुढचे सगळे वाचन उभे आहे.

पहिले काम प्रयोगशाळेतले नसून उघड्या कातळावरचे आहे. कोमाटिआइटच्या एका लाव्हाप्रवाहाचा उभा छेद पाहिला तर वरच्या बाजूस झटकन थिजलेली, बारीक कणांची, भेगाळलेली साल दिसते. तिच्याखाली ऑलिव्हीन या मॅग्नेशियम-लोहयुक्त हिरवट खनिजाचे लांबट, पातळ पत्र्यांसारखे स्फटिक एकमेकांत गुंतलेले दिसतात. ऑस्ट्रेलियातील एका काटेरी गवतावरून या रचनेला स्पिनिफेक्स म्हणतात. वरून खाली येताना हे पत्रे मोठे होत जातात आणि काही प्रवाहांत ते हातभर लांबीचेही आढळतात. त्याखालच्या थरात मात्र ऑलिव्हीनचे गोलसर दाणे तळाशी साचून दाटीने बसलेले असतात. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात मन्रो येथील सुमारे 270 कोटी वर्षांपूर्वीच्या प्रवाहांत हा क्रम विलक्षण स्वच्छ दिसतो. आर्कियन काळातले (सुमारे 400 ते 250 कोटी वर्षांपूर्वीचे) थर बहुधा वाकलेले, कित्येकदा उभे झालेले असतात, त्यामुळे प्रवाहाची मूळची वरची बाजू कोणती हे ओळखण्यासाठीही या क्रमाचा फार उपयोग होतो.

नमुना प्रवाहाच्या कोणत्या भागातून घेतला याची नोंद केल्याशिवाय तो पिशवीत टाकू नये, असे मी ठामपणे म्हणेन. तळाच्या थरात ऑलिव्हीन बाहेरून येऊन साचलेले असते, म्हणून तेथील विश्लेषणात मॅग्नेशियम ऑक्साइड 40 टक्क्यांच्या घरात येऊ शकते. तो आकडा कोणत्याही द्रव लाव्हाचा नसून, लाव्हा आणि त्यात भर पडलेले स्फटिक यांच्या मिश्रणाचा असतो. शिलारसाची मूळ रासायनिक घडण हवी असेल तर थिजलेली साल किंवा तिच्यालगतचा बारीक स्पिनिफेक्स हेच योग्य नमुने होत.

त्यानंतर शिलाछेद, म्हणजे खडकाचा अतिशय पातळ काप, सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. बहुतेक ठिकाणी मूळचे ऑलिव्हीन उरलेले नसते. त्याची जागा सर्पेंटिन, क्लोराइट, ट्रेमोलाइट यांसारख्या पाणीयुक्त खनिजांनी घेतलेली असते, पण पत्र्यांचे आकार मात्र जसेच्या तसे राहतात. झिंबाब्वेमधील बेलिंग्वे येथे 270 कोटी वर्षांपूर्वीच्या प्रवाहांत ताजे ऑलिव्हीन अजूनही सापडते, म्हणूनच अभ्यासकांना त्या जागेचे इतके महत्त्व वाटते.

रासायनिक विश्लेषण हाती आल्यावर प्रथम त्यातले पाणी वजा करावे. समजा, नमुन्यात मॅग्नेशियम ऑक्साइड 27 टक्के आले आणि तो तापवल्यावर 10 टक्के वजन उडून गेले. ते पाणी खडक बनल्यानंतर खनिजांत शिरलेले आहे, म्हणून 27 ला 0.90 ने भागावे. उत्तर 30 टक्के येते. खडकाच्या बदलांत सोडियम, पोटॅशियम आणि कॅल्शियम सहज हलतात, कधी मॅग्नेशियमही हलते. हे तपासण्यासाठी एकाच प्रवाहातले दहा-पंधरा नमुने घेऊन मॅग्नेशियम ऑक्साइड आणि ॲल्युमिनियम ऑक्साइड यांचा आलेख काढावा. केवळ ऑलिव्हीन कमी-अधिक झाल्यामुळे नमुन्यांत फरक पडला असेल, तर सारे बिंदू एका रेषेवर येतात, आणि ती रेषा पुढे वाढवल्यास ॲल्युमिनियम शून्य होते तेथे मॅग्नेशियम ऑक्साइड 50 टक्क्यांच्या आसपास येते. रेषेबाहेर पडलेल्या नमुन्याला दुरुस्त करण्याचा खटाटोप न करता तो बाजूला ठेवावा.

आता तापमान. एक प्रचलित अनुभवाधारित सूत्र असे आहे: मॅग्नेशियम ऑक्साइडच्या टक्केवारीला 20 ने गुणून त्यात 1000 मिळवावे. आपल्या उदाहरणात 30 टक्क्यांवरून 1600 अंश सेल्सिअस हे उत्तर येते. तळाच्या थरातला 40 टक्क्यांचा नमुना चुकून वापरला असता तर 1800 अंश आले असते. वर क्रमाचा आग्रह धरला तो याच कारणासाठी. ताजे ऑलिव्हीन मिळाल्यास आणखी एक पडताळा घेता येतो: एवढ्या मॅग्नेशियमच्या द्रवातून निघालेल्या ऑलिव्हीनमध्ये मॅग्नेशियमयुक्त घटक, म्हणजे फोर्स्टेराइट, सुमारे 94 टक्के असायला हवा.

इतका उष्ण लाव्हा बेसाल्टहून कितीतरी पातळ असतो, तो वेगाने खळाळत वाहतो आणि वाटेतला खडक वितळवत पुढे जातो. मात्र 1600 अंश हे भूपृष्ठावरचे तापमान आहे. खडक वितळण्यातच पुष्कळ उष्णता खर्च होत असल्याने, जेथे तो वितळला त्या प्रावरणाचे (पृथ्वीचे कवच आणि गाभा यांच्यामधल्या थराचे) तापमान याहून बरेच अधिक असले पाहिजे. आजच्या सर्वसाधारण प्रावरणाचे, भूपृष्ठावर आणून मोजल्यासारखे काढलेले तापमान सुमारे 1350 अंश मानतात. युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम यांच्या किरणोत्सारातून त्या काळी आजच्याहून कितीतरी अधिक उष्णता निर्माण होत होती, त्यामुळे या फरकाचे आश्चर्य वाटू नये. तरीही हा आकडा साऱ्या प्रावरणाला लावणे चूक ठरेल, कारण कोमाटिआइट बहुधा खोलवरून वर येणाऱ्या अतिउष्ण प्रवाहांतून निर्माण झाले असे मानले जाते. सभोवतालच्या प्रावरणाचा अंदाज हवा असेल तर त्याच पट्ट्यातले समकालीन बेसाल्ट पाहावेत. शिवाय बार्बरटनच्या शिलारसात मुळातच पाणी होते आणि म्हणून तो कमी तापमानाला वितळला, असे मत काही संशोधकांनी मांडले आहे. स्पिनिफेक्स पत्रे इतके मोठे वाढले तेही पाण्यामुळेच, असा त्यांचा एक युक्तिवाद आहे. मला कोरड्या, अतिउष्ण शिलारसाची बाजू अधिक सबळ वाटते. तरी वरचे सूत्र कोरड्या द्रवासाठी आहे, ही अट नोंदवहीत आकड्याशेजारीच लिहावी.

खोलीचा अंदाज ॲल्युमिनियम ऑक्साइड आणि टायटॅनियम ऑक्साइड यांच्या गुणोत्तरावरून येतो. मन्रोच्या खडकांत ते 20 च्या आसपास, म्हणजे आदिम उल्कांमधल्याइतकेच असते. बार्बरटनच्या बऱ्याच खडकांत ते 10 च्या जवळ येते. ॲल्युमिनियम धरून ठेवणारे गार्नेट हे खनिज न वितळता मागे राहिल्याची ही खूण आहे, आणि गार्नेट टिकायला मोठा दाब, म्हणजेच मोठी खोली लागते.

वय मात्र या खडकातून सरळ मिळत नाही, कारण त्यात सहसा झिर्कॉन, म्हणजे ज्यातील युरेनियमवरून वय काढता येते ते खनिज, नसते. थरांमध्ये अडकलेल्या सिलिकायुक्त ज्वालामुखी राखेतील झिर्कॉनवरून ते ठरवावे लागते. प्रत्यक्ष पाहायचे असेल तर मराठी वाचकाला आफ्रिकेपर्यंत जाण्याची गरज नाही. कर्नाटकात चित्रदुर्ग जिल्ह्यातील घट्टीहोसहळ्ळी येथे स्पिनिफेक्स रचनेचे कोमाटिआइट नोंदले गेले आहेत. अशा जागी हातोडा न चालवता छायाचित्र आणि रेखाटन यांवर भागवावे, कारण हे उघडे कातळ मोजकेच आहेत.

सर्वांत नाजूक वाचन समस्थानिकांचे, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वस्तुमानाच्या अणूंचे, असते आणि त्यासाठी अत्यंत अचूक वस्तुमानमापी लागतो. हॅफ्नियम-182 चे अर्धायुष्य केवळ सुमारे 89 लाख वर्षांचे आहे आणि त्याचे रूपांतर टंगस्टन-182 मध्ये होते, त्यामुळे पृथ्वीच्या पहिल्या सहाएक कोटी वर्षांनंतर ते जवळजवळ उरलेच नाही. रशियातील कोस्टोमुक्शा येथील 280 कोटी वर्षांपूर्वीच्या कोमाटिआइटमध्ये टंगस्टन-182 किंचित जास्त आहे, असे 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत आढळले. हा फरक दशलक्षात सुमारे 15 भागांचा आहे. तो पृथ्वीच्या अगदी बाल्यावस्थेतच निर्माण झाला असणार; म्हणजे प्रावरणाचा तो भाग त्यानंतर जवळपास 170 कोटी वर्षे सभोवतालच्या पदार्थात पूर्णपणे न मिसळता राहिला होता.