स्वस्त सेन्सरने आपल्या गल्लीतली हवा मोजायचीय? मग आधी हे वाचा

सेन्सर मागवायच्या आधी प्रश्न ठरवा आणि तो छोटा ठेवा. अख्ख्या पुण्याची हवा मोजायला सफर या सरकारी उपक्रमाची आणि प्रदूषण मंडळाची स्टेशनं आहेतच, पण शाळा सुटताना गेटवर व्हॅन आणि रिक्षा इंजिन चालू ठेवून उभ्या असतात तेव्हा तिथली हवा मागच्या मैदानापेक्षा किती वाईट असते हे त्या स्टेशनांना कळत नाही, आणि पोरं तर तीच हवा घेतात. स्वस्त सेन्सर कामाला येतो तो इथे.

सामान फार लागत नाही. हवेतले कण मोजणारा एसडीएस०११ किंवा पीएमएस५००३ सेन्सर, आकडे नोंदवायला वायफायवाला नोडएमसीयू बोर्ड, मोबाईलचा चांगला चार्जर आणि दमटपणा मोजायला बीएमई२८०, हा शेवटचा टाळू नका. सेन्सर छोट्या पंख्याने हवा आत ओढतो, त्यावर लेझर मारतो आणि कणांमुळे प्रकाश किती विखुरला त्यावरून पीएम २.५ चा, म्हणजे २.५ मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांचा, अंदाज करतो. वजन होत नाही, अंदाजच असतो. मोठी धूळ त्याला नीट दिसत नाही, म्हणून पीएम १० चा (१० मायक्रॉनपर्यंतच्या कणांचा) आकडा आला तरी सोडून द्या, रस्त्याची किंवा बांधकामाची धूळ मोजायची असेल तर हे साधन चालणार नाही. एमक्यू१३५ हा स्वस्त गॅस सेन्सर घेऊच नका, तो कुठल्याही वासाने हलतो आणि नक्की काय मोजलं ते सांगता येत नाही.

डबा म्हणून हार्डवेअरच्या दुकानातले ७५ मिमीचे दोन पीव्हीसी एल्बो एकमेकांत बसवा, तोंडं खाली ठेवा म्हणजे पाऊस आत जात नाही, आणि तोंडाला बारीक जाळी लावा नाहीतर कोळी घर करतात. माणूस श्वास घेतो साधारण त्या उंचीवर किंवा थोडं वर लावा, किचनचा एक्झॉस्ट आणि देवघराची खिडकी यांपासून लांब. एसडीएस०११ च्या लेझरचं आयुष्य ८००० तास धरलेलं आहे म्हणजे सतत चालवला तर वर्षही पुरत नाही, त्यामुळे दर काही मिनिटांनी अर्धा मिनिट चालवून बंद करायचा प्रोग्राम टाका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि लोक नेमकं हेच करत नाहीत. सगळे सेन्सर आधी एकाच ठिकाणी शेजारी शेजारी ठेवून बघा, एकाच हवेत ते वेगवेगळे आकडे दाखवतातच. मग पत्र देऊन परवानगी काढा आणि ते सरकारी स्टेशनजवळ निदान दोन आठवडे चालवा, परवानगी नाही मिळाली तर शेजारच्या बिल्डिंगची गच्ची. स्टेशनचा डेटा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर मिळतो. दोन्हीची तासाची सरासरी काढा, एक्सेलमध्ये दोन्हींना जोडणाऱ्या सरळ रेषेचा स्लोप (चढ) आणि इंटरसेप्ट (सुरुवातीचा फरक) काढून प्रत्येक सेन्सरची दुरुस्ती वेगळी ठेवा. वेळ मात्र तपासा, बोर्ड बऱ्याचदा यूटीसी (ग्रीनिचची जागतिक वेळ) लिहितो, मग साडेपाच तासांचा फरक पडतो आणि सकाळची गर्दी रात्रीची वाटते.

दमटपणा ७०-७५ टक्क्यांच्या वर गेला की कण पाणी धरून फुगतात आणि सेन्सर आकडा वाढवून सांगतो. बीएमई लागतो तो यासाठी. ते तास वेगळे काढा. पावसाळ्यात असे तास खूप निघतील, धुक्याच्या सकाळीही तेच, म्हणून उन्हाळ्यात केलेली दुरुस्ती थंडीत तशीच वापरू नका, परत करा.

एका मिनिटात २०० दिसलं म्हणून लगेच ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकू नका. आपल्याकडची पीएम २.५ ची मर्यादा दर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम ही २४ तासांच्या सरासरीची आहे (डब्ल्यूएचओची २०२१ पासून १५), एका क्षणाच्या आकड्याशी तिची तुलना होत नाही.

गेट आणि मैदान अशी तुलना करताना अर्ध्या काळानंतर दोन्ही सेन्सरची अदलाबदल करा. आकडा जागेबरोबर राहिला तर फरक हवेचा आहे, सेन्सरबरोबर फिरला तर सेन्सरचा. सोबत एक वही ठेवा, कचरा जाळला, फटाके वाजले, रस्ता खोदला, लाईट गेली, सगळं वेळेसकट लिहा, आणि मूळ आकड्यांची फाईल कधीच पुसू नका, दुरुस्त केलेली वेगळी ठेवा, कारण शाळेला किंवा महापालिकेला दाखवायला गेलात की मूळ फाईलच पहिली मागतील.