व्हॅक्यूम-फॉर्म किटमधून विमानाचे मॉडेल कसे बांधावे

नेहमीच्या प्लास्टिक किटमध्ये सुटे भाग चौकटीला लटकलेले असतात आणि त्यांना एकमेकांत बसणाऱ्या खुंट्या व भोके असतात. व्हॅक्यूम-फॉर्म किटमध्ये यातले काहीच मिळत नाही. पॉलिस्टायरीनची शीट तापवून मऊ करतात, साच्यावर टाकतात आणि खालून हवा ओढून घेतात, म्हणजे शीट साच्याला बिलगून त्याचा आकार घेते. त्यामुळे पाकिटातून निघते ती एक-दोन पांढरी शीट, जिच्यावर धडाचे दोन अर्धे भाग, पंख आणि शेपटी उठून आलेली असतात. चाके आणि त्यांचे पाय कधी धातूचे ओतीव मिळतात, कधी मिळतच नाहीत. तरीही १९७० आणि १९८०च्या दशकांत या किटना मोठा चाहतावर्ग होता, कारण मोठ्या कंपन्या ज्यांच्याकडे वळल्या नाहीत अशी कितीतरी विमाने ‘रेअरप्लेन्स’सारख्या छोट्या उत्पादकांनीच दिली.

काम सुरू करण्यापूर्वी एक हिशेब समजून घ्यावा. भाग जिथे संपतो त्याच्या खाली शीटची जाडी उरलेली असते आणि ती विमानाचा भाग नसते. शीट १ मिलिमीटर जाडीची असेल, तर १/७२ प्रमाणात ती खऱ्या विमानावर ७२ मिलिमीटर होते. दोन्ही बाजूंची जाडी तशीच राहिली, तर धड साडेचौदा सेंटीमीटरच्या आसपास रुंद होते आणि मग कॅनोपी (वैमानिकाच्या जागेवरचे पारदर्शक झाकण) बसत नाही, पंखांची मुळे जुळत नाहीत. पुढची बहुतेक मेहनत ही जादा जाडी नेमकी काढण्यासाठीच असते.

प्रथम प्रत्येक भाग शीटमधून जिथे वर उठतो, त्या कोपऱ्यात बारीक टोकाच्या मार्करने सलग रेघ मारून घ्यावी. मग सुरीला नवे पाते लावून ते सुमारे ४५ अंशांत कलते धरावे आणि रेघेलगत दोन-तीन हलके हात फिरवावेत. शीट आरपार कापू नये, नुसती चीर पाडावी. त्यानंतर भोवतालची शीट चिरेवर मागेपुढे वाकवली की ती स्वच्छ तुटते. जोर लावून एकाच फटक्यात कापायला गेलो की पाते घसरते, आणि ते बहुधा बोटाकडेच येते. उरलेले तुकडे टाकू नयेत. आतले आधार त्यांतूनच करायचे आहेत.

आता घासकाम. जाड काच किंवा सपाट लादी घेऊन तिच्यावर १८० ते २४० नंबरचा वॉटर पेपर दुहेरी चिकटपट्टीने पक्का बसवावा आणि त्यावर पाणी घालावे, म्हणजे पेपर बुजत नाही आणि प्लास्टिकची धूळ नाकात जात नाही. भागाच्या पाठीवर मास्किंग टेपची घडी घालून मूठ करावी आणि भाग वर्तुळाकार फिरवत घासावा. आपल्या नकळत हाताचा भार एका बाजूला जास्त पडतो, म्हणून दर पंधरा-वीस फेऱ्यांनी भाग उलट दिशेने धरावा. धडाचे नाक आणि शेपटीकडचे टोक इथे पेपरला टेकणारे प्लास्टिक कमी असते, त्यामुळे ती टोके आधी झिजतात. माझ्या पहिल्या मॉडेलची शेपटी याच कारणाने बसकी झाली आणि ती पुन्हा उभारण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली.

थांबायचे कुठे, हे कड स्वतःच सांगते. मार्करच्या रेघेखाली सुरुवातीला पांढरी पायरी दिसते. घासत गेले की ती पातळ होते, शेवटी कागदासारखी होऊन तिचे टोक वळू लागते आणि पापुद्रा सुटून येतो. रेघ जेमतेम उरली असतानाच हात थांबवावा. दोन्ही अर्धे भाग जुळवून आराखड्यावर ठेवावेत, उजेडासमोर धरावेत आणि जिथून प्रकाश डोकावतो तेवढीच जागा पुन्हा घासावी. कमी घासलेले नंतर दुरुस्त करता येते. जास्त घासले तर प्लास्टिकची पट्टी जोडत बसावे लागते.

पंखांच्या बाबतीत एवढे पुरत नाही. मागची कड सुरीच्या धारेसारखी दिसायला हवी, आणि त्यासाठी पंखाच्या वरच्या व खालच्या दोन्ही भागांची आतली बाजू कडेलगत उतरती घासावी लागते. उजेडासमोर धरल्यावर कड किंचित पारभासक दिसली की जाडी योग्य झाली.

कॉकपिट, चाकांचे कप्पे आणि खिडक्या धड जोडण्याआधीच कापून घ्याव्यात. मग धडाच्या आत चार-पाच ठिकाणी उरलेल्या शीटचे आडवे पडदे बसवावेत, नाहीतर पातळ भिंती बोटांच्या दाबाने आत जातात. जोडाच्या कडेवर एकाआड एक, कधी डाव्या तर कधी उजव्या भागाला, लहान पट्ट्या चिकटवाव्यात. खुंट्यांचे काम त्या करतात. धडातून आरपार जाणारा पितळी नळीचा दांडा दोन्ही पंखांत शिरला की पंख लोंबत नाहीत. विमानाला नाकाखाली चाक असेल, तर नाकात वजन घालायला विसरू नये.

जोडण्यासाठी पातळ द्रव सिमेंट (प्लास्टिक विरघळवून जोडणारा द्रव) ब्रशने सांध्यावर टेकवावे. ते फटीत आपोआप खेचले जाते. खिडकी उघडी ठेवावी, त्याची वाफ चांगली नव्हे. सांधा एक दिवस वाळू द्यावा, मग लांबी (पुट्टी) भरून घासावा आणि प्रायमरचा हात द्यावा. प्रायमर दिल्यावर आधी न दिसलेले खड्डे दिसतात, तेव्हा हे दोन-तीनदा करावे लागेल, असे गृहीत धरावे. पुसट झालेल्या पॅनेलच्या रेघा जाड चिकटपट्टीचा आधार घेऊन सुईने पुन्हा कोराव्यात. चाके आणि प्रोपेलर किटमध्ये नसतील, तर दुसऱ्या किटचे उरलेले भाग कामी येतात.

कॅनोपी सर्वांत शेवटी, आणि ताज्या पात्यानेच कापावी. आतून मातीचा लगदा किंवा प्लॅस्टिसीन दाबून भरावे, म्हणजे पारदर्शक शीट दबत नाही आणि तडकत नाही. चौकटीच्या रेघेवरून अगदी हलक्या हाताने दहा-बारा वेळा पाते फिरवावे. ती चिकटवायला पांढरा गोंद वापरावा. द्रव सिमेंटने कॅनोपीवर डाग पडू शकतात, आणि ती ॲसिटेटची असेल तर पॉलिस्टायरीनचे सिमेंट तिला धरतही नाही. गोंद सांध्यातली बारीक फटही भरून काढतो, आणि बाहेर आलेला थेंब ओला असतानाच दमट बोळ्याने पुसता येतो.