लोहखनिजाच्या टेलिंगपासून विटा आणि फरशा

गोव्यात डिचोली, सत्तरी, सांगे भागांत लोहखनिज धुतल्यावर जो बारीक लाल गाळ उरतो, त्याला खाणीवर टेलिंग म्हणतात. तो तळ्यांत साठवतात आणि बांध फुटला की तो थेट भातशेतीत उतरतो. त्यात मुख्यतः हेमॅटाइट आणि गोएथाइट ही लोहाची खनिजे, क्वार्ट्‌झ आणि केओलिनाइट ही चिकणमाती असते, म्हणून त्यापासून चांगली लाल वीट होऊ शकते. ही कृती फक्त लोहखनिजाच्या टेलिंगसाठी आहे. तांबे, जस्त यांच्या टेलिंगमध्ये सल्फाइड असते आणि ते भट्टीत गंधकाचा विषारी वायू सोडते. कोलारच्या सोन्याच्या खाणीचे ढीग सायनाइड प्रक्रियेतून आलेले आहेत. त्यांना हातही लावू नका.

गाळ उचलण्याआधी खाण खात्याची लेखी परवानगी घ्या. एकाच तळ्यात पाइपाच्या तोंडाशी रेती बसते, तर लांबच्या टोकाला चिकट गाळ साठतो. म्हणून पाच-सहा जागांचे नमुने घ्या आणि ते वेगवेगळे ठेवा. एका नमुन्यावर ठरवलेले प्रमाण शेजारच्या कोपऱ्याला लागू पडेलच असे नाही. शिसे, आर्सेनिक, क्रोमियम यांसाठी प्रयोगशाळेतून निक्षालन चाचणी (पाण्याबरोबर हे घटक किती झिरपून बाहेर येतात ते पाहणारी) करून घ्या. अहवाल चांगला आला तरी या मातीची जेवणाची भांडी करू नका.

गाळ वाळवून फोडा आणि चाळा: विटांसाठी १ मि.मी., फरशांसाठी सुमारे ०.५ मि.मी.ची चाळण. कोरड्या धुळीत सिलिका असते आणि तिच्यामुळे फुप्फुसे कायमची निकामी होतात. त्यामुळे एन-९५ मास्क लावा, कामाच्या जागेची जमीन झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा.

सुरुवातीला १० किलोचा घाणा पुरे: ४ किलो टेलिंग, ५ किलो कुंभाराची चिकणमाती, १ किलो भाजक्या विटांचा चुरा. सगळे कोरडे आणि वजनानेच मोजा. हेमॅटाइट जड असल्यामुळे घमेल्याने मोजले तर प्रमाण हमखास चुकते. पाणी २.२ ते २.६ लिटर लागेल. शेवटचा अर्धा लिटर हळूहळू घाला. मळलेली माती प्लास्टिकखाली तीन-चार दिवस मुरू द्या. मग करंगळीएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळून पाहा. चिरली तर टेलिंग ३० टक्क्यांवर आणा. टेलिंग स्वतःच चिकट असेल, तर ते ५० टक्क्यांपर्यंत वाढवून चिकणमाती तेवढी कमी करा.

साचा करण्याआधी आकसणे मोजा. ओल्या पट्टीवर बरोबर १० सें.मी.ची रेघ ओढा आणि भाजल्यावर पुन्हा मोजा. ९.२ सें.मी. भरली तर आकसणे ८ टक्के. अशा मातीपासून १९ × ९ × ९ सें.मी.ची वीट हवी असेल, तर साचा आतून सुमारे २०.७ × ९.८ × ९.८ सें.मी. असावा.

वाळवणी सावलीत, सात ते दहा दिवस. वीट दर दिवशी कड बदलून ठेवा. फरशी दोन सपाट फळ्यांमध्ये ठेवली नाही, तर वरची बाजू आधी वाळते आणि कोपरे उचलले जातात. कोकणातल्या पावसाळ्यात उघड्यावरची वाळवणी निभत नाही.

खरी कसोटी भट्टीची. १२० अंश सेल्सिअसपर्यंत तासाला ५० अंश आणि तिथे दोन तास थांबा. अडकलेली वाफ निघाली नाही तर वीट फुटते. गोएथाइटमधले बांधलेले पाणी ३०० अंशांच्या आसपास निघते, केओलिनाइटमधले ४५० ते ६५० दरम्यान, आणि ५७३ अंशांना क्वार्ट्‌झ एकदम फुगतो. म्हणून ६५० पर्यंत तासाला ६० अंशांपेक्षा घाई नको. पुढे तासाला १०० अंशांनी ९०० गाठा आणि तिथे किमान दोन तास थांबून भट्टीत भरपूर हवा खेळू द्या.

हा थांबा टाळू नका. मातीतला सेंद्रिय अंश जळायला प्राणवायू लागतो. हवा कमी पडली की तो लोहाच्या ऑक्साइडमधून घेतला जातो आणि फेरस ऑक्साइड तयार होते. ते सिलिकाला कमी तापमानावरच वितळवते, बाहेरची छिद्रे बंद होतात आणि आतला वायू वीट फुगवतो. फोडल्यावर गाभा काळा दिसतो. टेलिंगमध्ये लोह जास्त असल्याने साध्या मातीपेक्षा हा धोका मोठा आहे. गाभा काळा आला तर कमाल तापमान वाढवू नका, ९०० चा थांबा वाढवा.

शेवटी १००० ते १०२० अंशांवर एक तास, मग भट्टी बंद. १०० अंशांखाली येईपर्यंत दार उघडू नका. ५७३ अंशांच्या आसपास थंड वारा लागला की बारीक तडे जातात. रंग लालऐवजी तपकिरी आला तर बहुधा मॅंगनीज आहे. त्याने मजबुतीला बाधा येत नाही. विटेवर पांढरा लोणा फुटला तर सल्फेट क्षार आहेत. टेलिंग एकदा पाण्यात कालवून, निवळून, वरचे पाणी काढून टाका. बेरियम कार्बोनेट हा दुसरा उपाय, पण ते विषारी आहे. छोट्या कारखान्यात ते न वापरलेले बरे.

तपासणीसाठी वीट वाळवून वजन करा, २४ तास पाण्यात बुडवा, पुसून पुन्हा वजन करा. कोरडी २४०० ग्रॅम आणि ओली २७३६ ग्रॅम भरली, तर पाणी शोषण १४ टक्के. साध्या विटेसाठी भारतीय मानकात २० टक्क्यांची मर्यादा आहे, वरच्या वर्गांना १५. मर्यादा ओलांडली तर पुढच्या खेपेला आधी कमाल तापमानावरचा वेळ अर्ध्या तासाने वाढवा. तरीही आकडा हलला नाही, तर टेलिंग फार रेताड आहे; चिकणमाती वाढवा. बिघडलेल्या विटा नीट भाजलेल्या असतील तर कुटून चाळा आणि पुढच्या घाण्यात चुरा म्हणून वापरा.