होडी लहान करताय? मग या चुका टाळा

नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या काठावर गेल्या काही वर्षांत एकच बोलणं ऐकू येतं: मासेमारीची मोठी होडी काढून टाकायची, हलकी घ्यायची. पोरं वाळूजला कंपनीत लागली, होडीवर दोघांच्या जागी एकटा माणूस उरला, गुडघे बोलायला लागले. माझंही तेच झालं. २०१६ च्या उन्हाळ्यात जायकवाडी मृतसाठ्यात गेलं, तेव्हा काठ एवढा आत सरकला होता की माझी २२ फुटी पत्र्याची होडी गाळातून ओढायला सहा माणसं लागायची. त्याच वर्षी मी १४ फुटी फायबरच्या होडीवर आलो. आजही तो निर्णय मला पटतो. पण माझ्यामागून जे आले ते दरवर्षी त्याच त्याच चुका करताना दिसतात, आणि बघून जीव तुटतो.

पहिली आणि सगळ्यात घातक चूक म्हणजे होडी बदलायची आणि सामान तेच ठेवायचं.

माझ्या चुलतभावानं नवी होडी पाण्यात घातली तो मे महिना होता, वळवाचे दिवस. मोठ्या होडीत असायचं ते सगळं त्यानं आत रचलं: आठ कंडाळ जाळी (पाण्यात भिंतीसारखी उभी राहून मासा अडकवणारी), बर्फाची पेटी, दोन नांगर, दोराची वेटोळी, वर सोबतीला पुतण्या. काठाजवळच्या शांत पाण्यात होडी छान तरंगत होती. "बघ, काही होत नाही," म्हणाला. पण जाताना जाळी कोरडी असतात आणि पेटी रिकामी. येताना ओली जाळी, त्यात अडकलेलं शेवाळ आणि गाळ, पेटीत रोहू-कटला, हे सगळं वजन वाढलेलं असतं. त्याचा हिशोब त्यानं केलाच नव्हता.

चारच्या सुमाराला वारं उठलं. नाथसागर पूर्ण भरला तर ३५० चौरस किलोमीटरच्या आसपास पसरतो, पण सरासरी खोली जेमतेम ८ मीटर. उन्हाळ्यात तर त्याहून कमी. अशा उथळ, मोकळ्या पाण्यावर लाट आखूड आणि उभी येते. एकीतून होडी सावरते न सावरते तोच दुसरी अंगावर. २२ फुटी होडी दोन लाटांवर टेकते, १४ फुटी होडीचं तोंड मात्र सरळ लाटेत घुसतं. मी मागेच होतो. जवळ गेलो तेव्हा त्यांच्या घोट्यापर्यंत पाणी होतं आणि त्यावर माशांचे खवले तरंगत होते. होडीत साचलेलं पाणी फार वाईट. होडी ज्या बाजूला कलते त्याच बाजूला ते धावतं आणि तिला आणखी कलवतं. त्यातच पेटी घसरून एका कडेला गेली. तिचा दोर भिजून गाठ आवळली होती, सुटेना. शेवटी विळ्यानं कापला आणि मासळीसकट पेटी पाण्यात लोटली, पाठोपाठ दोन जाळी. होडी लगेच वर उचलली गेली. पुतण्या काठावर येईपर्यंत पत्र्याच्या डब्यानं पाणी उपसत होता, हाताची सालटं निघाली होती. दिवसाची कमाई गेली, माणसं राहिली.

तेव्हापासून माझी सवय ठरलेली आहे. नवी होडी कोणाचीही असो, आधी कमरेइतक्या पाण्यात उभी करायची आणि २० लिटरचे जार भरून एकेक आत ठेवायचे. एक जार म्हणजे २० किलो, हिशोब सोपा. होडीच्या कडेपासून पाणी एक वीत आणि वर चार बोटं खाली राहिलं की थांबायचं, तिथे बाहेरून लाल रेघ मारायची. येतानाचं वजन त्या रेघेच्या आत बसलं पाहिजे. मग सगळे जार एका कडेला सरकवून बघायचं किती कलते. याला एक सकाळ जाते. नव्या पोरांना ती सकाळ द्यायची नसते. होडी टेम्पोतून उतरली की त्याच संध्याकाळी जाळं टाकायचं असतं. मी मात्र माझ्यासमोर कोणालाही तसं जाऊ देत नाही, मग तो रुसला तरी चालेल.

याच्याच जोडीची चूक म्हणजे अडकलेलं जाळं कडेवर वाकून ओढणं. बाभळीच्या बुडालेल्या खोडात जाळं गुंतलं की मोठ्या होडीत पाय रोवून हिसडा मारता येतो. लहान होडीत तोच हिसडा तुम्हाला पाण्यात घालतो. दोर तोंडाकडच्या कडीतून घ्या, बसून ओढा, नाही सुटलं तर कापा. नांगरही तोंडाकडूनच. विळा हाताशी हवा, सामानाखाली नको.

आता थर्माकोल. पाणी भरलं तरी होडी बुडू नये म्हणून फळ्यांखाली थर्माकोल कोंबायची पद्धत पडली आहे. विचार चांगला, पण वापरायची वस्तू चुकीची. एकानं मला होडी दाखवायला आणली, म्हणाला मागची बाजू जड वाटते. जिथे इंजिनाला परवानगी आहे तिथे तो चालवायचा. मागची फळी उचलली तर आत थर्माकोल नव्हताच, तळाला चिकटलेला पिवळट डिंक होता. टाकीतून थेंब थेंब पेट्रोल गळत होतं आणि पेट्रोलनं थर्माकोल विरघळतो. होडी बुडणार नाही या भरवशावर हा माणूस महिनाभर खोल पाण्यात जात होता. मी घट्ट झाकणाचे रिकामे प्लॅस्टिक कॅन वापरतो, दोन्ही कडांना सारखे, दोरीनं करकचून बांधलेले. आणि होडीचे पैसे वाचवायला चप्पूवर, म्हणजे थर्माकोलच्या तराफ्यावर, कंडाळ जाळी टाकायला जाणाऱ्यांना हात जोडून सांगतो, ओढा ओलांडायचा चप्पू वेगळा आणि सागराच्या मधोमध जायचं वेगळं.

जुनं जड इंजिन नव्या होडीला लावू नका. इंजिन मागे, टाकी मागे, चालवणाराही मागे, मग तोंड आभाळाकडे आणि पाणी मागून आत.

जुनी दहा फुटी वल्हीही बदला. अरुंद होडीत मुठी एकमेकींवर आपटतात आणि तासाभरात खांदे भरून येतात.

होडीतलं पाणी काढायच्या भोकाचं बूच लावलं का ते पाण्यात ढकलण्याआधी हातानं चाचपून बघा. नजरेवर जाऊ नका.

विकत घेताना लांबीच विचारतात, रुंदी कोणी विचारत नाही. १४ फुटांना साडेचार फूट रुंदी नसेल तर मी ती होडी घेत नाही, कितीही स्वस्त असो.

फायबरला चीर गेली तर ओल्यावरच ठिगळ मारू नका. पालथी घालून दोन दिवस कडक उन्हात ठेवा, मग घासून मारा. घाईत हार्डनर (ठिगळाची राळ घट्ट करणारं रसायन) जास्त ओतला की ठिगळ लवकर घट्ट होतं खरं, पण तडकतं.

लाइफ जॅकेट अंगात घाला, बसायला घेऊ नका.

आणि मोठी होडी लगेच विकायची घाई करू नका. एक पावसाळा आणि एक उन्हाळा लहानीवर काढा, भरलेलं पाणी आणि आटलेलं पाणी दोन्ही बघा. माझी पत्र्याची दोन वर्षं बांधावर पालथी होती. पुढच्या होळीपर्यंत तिला एकदाही हात लागला नाही, तेव्हा गिऱ्हाईक बघितलं.