संधिवात नवीनच निघालाय, पुढं काय होणार कळत नाही, मग पहिले तीन महिने कसे काढायचे

डॉक्टरांनी एकदा रुमॅटॉइड आर्थरायटिस म्हणजे आपला संधिवात असं सांगितलं की घरी येईपर्यंत डोक्यात प्रश्नांची रांग लागलेली असते, बोटं वाकडी होतील का, काम सोडावं लागेल का, गोळ्या जन्मभर का, पोरीला पण होणार का. दुखणं तर असतंच, पण पुढचं काहीच कळत नाही ह्याचा त्रास सुरुवातीला दुखण्यापेक्षा जास्त होतो. मला पण हाच आजार आहे, इथंच सोलापुरात राहते, आणि नवीन पेशंट भेटला की मी एवढंच सांगते की दहा वर्षांचा विचार आत्ता करू नका, पुढच्या तीन महिन्यांचा करा.

तीन महिनेच का, तर ही औषधं सावकाश लागू पडतात. मेथोट्रेक्सेट हे ह्या आजाराचं मुख्य औषध, त्याचा गुण यायला साधारण सहा ते बारा आठवडे लागतात, एचसीक्यूच्या (हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन) गोळीला तर त्याहून जास्त पण लागू शकतात. मधल्या काळात दम निघावा म्हणून बरेच डॉक्टर थोडे दिवस कमी डोसचं स्टेरॉइड देतात. त्यामुळं तिसऱ्या आठवड्यात “मला काय हे औषध मानवंना” असं ठरवून बंद करू नका, आणि स्टेरॉइड तर स्वतःच्या मनानं एकदम कधीच थांबवू नका, ते हळूहळू कमी करावं लागतं. तीन महिन्यांनी काहीच फरक नसेल तर डोस वाढवता येतो, दुसरं औषध जोडता येतं. पहिलं औषध चाललं नाही म्हणजे सगळं संपलं असं अजिबात नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मेथोट्रेक्सेट आठवड्यातनं एकदाच घ्यायचं असतं, रोज नाही. रोज घेतलं गेलं तर जिवावर बेतू शकतं. कालनिर्णयवर तो वार पेनानं गोल करा, घरात अजून एकाला तरी सांगून ठेवा, त्याचा त्रास कमी व्हावा म्हणून सोबत देतात ती फॉलिक ॲसिडची गोळी वेगळ्या डबीत ठेवा आणि ती कुठल्या दिवशी घ्यायची ते डॉक्टरांकडनंच लिहून घ्या. मूल व्हायचा विचार असेल, नवऱ्याचा असो की बायकोचा, तर आधीच डॉक्टरांशी बोला, गरोदरपणात हे औषध चालतच नाही. दारू पण बंद, लिव्हरचा प्रश्न आहे.

एक वही करा. रोज सकाळी दोन ओळी लिहायच्या, उठल्यावर हात किती वेळ आखडलेले होते, कुठला सांधा सुजलाय, काय करता आलं नाही (साडीची पिन, नळाची चावी, गाडीचा क्लच, जे असेल ते). डॉक्टर आपले सांधे दाबून मोजतात, सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी), ईएसआर आणि सीआरपी (अंगातली सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या टेस्ट), लिव्हर आणि किडनीच्या टेस्ट सांगतात, पण मधल्या दिवसांत काय झालं ते आपणच सांगायचं असतं आणि केबिनमधे गेलं की नेमकं विसरायला होतं. आणि आरए फॅक्टर (हा आजार ओळखायला करतात ती रक्ताची टेस्ट) परत परत करून आकडा वाढला का कमी झाला हे बघत बसू नका, रोजचा आजार किती आहे ते त्यावरनं कळत नाही, त्यासाठी सूज आणि सीआरपी बघतात.

वहीच्या मागच्या पानावर प्रश्न लिहा. काही प्रश्नांना आजच उत्तर आहे. पोरीला होईल का, तर घरात असला की धोका थोडा वाढतो पण बहुतेकांच्या मुलांना होत नाही. बोटं वाकडी होतील का, तर आपण ज्या आज्ज्यांचे वाकडे हात बघितलेत त्यांच्या काळात आजच्यासारखे उपचार नव्हते, मेथोट्रेक्सेटला संधिवातासाठी अमेरिकेत मंजुरीच मिळाली ती १९८८ साली. आज लवकर औषध सुरू झालं की सांधे बऱ्याच अंशी वाचवता येतात. गोळ्या जन्मभर का, ह्याचं उत्तर मात्र आत्ता कोणीच देऊ शकत नाही, बऱ्याच जणांना खूप वर्षं लागतात, आजार दीर्घकाळ शांत राहिला तर डॉक्टर कमी करून बघतात. असल्या प्रश्नापुढं “सहा महिन्यांनी विचारणे” असं लिहून पान उलटायचं. मला ह्याचा खरंच फायदा झाला, रात्री तोच प्रश्न परत आला तरी तो वहीत आहे म्हटलं की झोप लागायची.

घरातलं बोलायचं तर आपल्याकडं नळ रोज येत नाही, आणि पाणी येतं त्या दिवशी घागरी बादल्या भरायची पळापळ. पाइप लावून थेट बॅरलमधे पाणी सोडा, उचलायचं काम दुसऱ्याला द्या, आणि हे मागताना संकोच करू नका कारण सूज असताना मनगटावर वजन घेतलं की दोन दिवस हात हलत नाही. भाकरीचं पण तसंच, थापताना सगळा जोर बोटांच्या मुळांवर येतो. बरा दिवस असेल तेव्हा कडक भाकऱ्या करून ठेवा, नाहीतर विकत आणा, आमटीत चुरून खाल्ली की जेवण झालं. विडी वळणाऱ्या, टॉवेल शिवणाऱ्या बायकांचं जास्त अवघड, नगावर पैसे असतात. सकाळी बोटं आखडलेली असतात तेव्हा दुसरी कामं उरका, वळायला शिवायला हात मोकळे झाल्यावर बसा, मधे मधे उठा. आणि ओढायची सवय असेल तर विडी सिगारेट सोडाच, धूम्रपानानं हा आजार बळावतो.

गड्ड्याची यात्रा (आमची सोलापूरची सिद्धेश्वराची जत्रा) असो की लग्न, शब्द देताना “येते, पण हात पाय धरले तर संध्याकाळी येईन” असं आधीच सांगून टाका. ऐनवेळी नाही म्हणायची वेळ आली तरी मग वाईट वाटत नाही.

नातेवाईक काढे, पुड्या, तेलं सुचवणार, मायेनंच सुचवतात. “डॉक्टरांना विचारून घेते काकू” एवढं म्हणा, पण बिननावाच्या पुड्या घेऊ नका, असल्या काही पुड्यांमधे स्टेरॉइड सापडलेलं आहे, म्हणूनच दोन दिवसांत बरं वाटतं. मेडिकलमधनं स्वतःच्या मनानं पेनकिलर पण नको, किडनीवर ताण येतो.

आणि पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता कधी फोन करायचा ते डॉक्टरांकडनं पहिल्याच भेटीत लिहून घ्या. ताप, तोंडात फोड, कोरडा खोकला आणि दम लागणं, डोळे पिवळे, सारख्या उलट्या जुलाब, ह्यातलं काही झालं तर त्या आठवड्याची मेथोट्रेक्सेटची गोळी घ्यायच्या आधी विचारायचं, आणि दम लागत असेल तर फोनवर न थांबता थेट दवाखाना गाठायचा. तो कागद फ्रिजवर चिकटवा, घरातल्या सगळ्यांना दिसेल असा.