कर्नल अपडेटनंतर स्क्रीन बिघडली? आधी या चुका टाळा

गणपतीच्या आदल्या आठवड्यात कुडाळच्या एका फ्लेक्सवाल्या काकांचा फोन आला. "काल तर बरो चालत होतो, आज हेका काय झाला?" जाऊन पाहिलं तर डिझाइनची मोठी फाइल उघडली की स्क्रीनभर आडव्या पट्ट्या. माऊस हलवला की पट्ट्या सरकायच्या. आदल्या रात्री लिनक्सचं अपडेट झालेलं, त्यात कर्नल (हार्डवेअर चालवणारा लिनक्सचा गाभा) नवा आलेला. मंडळांचे बॅनर अडकलेले, आणि काकांचा पुतण्या पेनड्राइव्ह लावून मशीन फॉरमॅट करायच्या तयारीत.

त्याचा हात तिथेच धरला. फॉरमॅट करून पुन्हा अपडेट केलं की तोच कर्नल येणार, त्याच पट्ट्या येणार, आणि बिघाड कुठे झाला याचा पुरावा मात्र जाणार. मशीन सुरू होताना ग्रबच्या (कुठली सिस्टीम सुरू करायची ते विचारणाऱ्या प्रोग्रामच्या) यादीत 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जुना कर्नल असतो. तो निवडला, पट्ट्या गायब, दहा मिनिटांत छपाई सुरू. म्हणून डिस्क भरली तरी जुना कर्नल काढू नका.

या एका चाचणीने आणखी एक गोष्ट कळते. ग्राफिक्स ड्रायव्हरचे दोन भाग असतात: एक कर्नलमध्ये (इंटेलचा आय-९१५, एएमडीचा एएमडीजीपीयू, एनव्हिडियासाठीचा नूवो), दुसरा बाहेर, मेसा या ग्राफिक्स लायब्ररीमध्ये. अपडेटमध्ये दोन्ही एकदम बदलले की लोक अंदाज बांधत बसतात. इथे मेसा नवीच होती, फक्त कर्नल मागे नेला आणि काम झालं. दोष कर्नलच्या बाजूला, हे बऱ्यापैकी पक्कं.

मशीन सुरू करताना कर्नलला 'नोमोडसेट' हा पर्याय टाकून विषय संपवणं ही तर घरोघरी होणारी चूक. त्याने स्क्रीन दिसते, पण ग्राफिक्स ड्रायव्हरच बाजूला पडतो आणि चित्र रंगवण्याचं सगळं ओझं प्रोसेसरवर येतं. तपासण्यापुरतं ठीक, कायमचं नको.

"आपलंच सॉफ्टवेअर जुनं" असं म्हणून गप्प बसू नका

हे मला मनापासून सांगायचं आहे. कर्नलचा नियम वापरणाऱ्याच्या बाजूने आहे: काल चालणारा प्रोग्राम नव्या कर्नलने मोडला, तर चूक कर्नलची. मार्च २०१० मध्ये नूवोच्या बदलामुळे कर्नल आणि बाहेरची लायब्ररी यांचा मेळ तुटला, तेव्हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांच्या स्वतःच्या फेडोरा १२ (लिनक्सचाच एक प्रकार) मशीनवर ग्राफिक्स सुरू होईना. ड्रायव्हर अजून 'स्टेजिंग'मध्ये, म्हणजे कच्च्या कोडच्या विभागात आहे, हा खुलासा त्यांनी मानला नाही. लोकांच्या हातात गेलेली गोष्ट मोडायची नाही, असंच त्यांचं म्हणणं होतं.

मात्र कर्नलच्या आतल्या रचनेला हे अभय नाही, ती कधीही बदलते. एनव्हिडियाचा बाहेरून बसवलेला मॉड्यूल (कर्नलला जोडायचा ड्रायव्हर) नव्या कर्नलवर बसला नाही, तर आधी त्या कर्नलचे हेडर (मॉड्यूल तयार करायला लागणाऱ्या फाइली) आहेत का ते पाहा.

ड्रायव्हर लिहिणाऱ्या आपल्या मुलांसाठीही एक सांगतो. प्रोग्राम कर्नलला आयऑक्टलमधून (ड्रायव्हरला काम सांगायच्या कॉलमधून) माहितीचा एक साचा देतो आणि त्यात पुढच्या सोयीसाठी रिकामे रकाने असतात. ते शून्य आहेत का, हे पहिल्या दिवसापासून तपासा आणि नसतील तर विनंती नाकारा. नाहीतर कुणीतरी त्यात कचरा पाठवत राहतो, ते चालूनही जातं, आणि दोन वर्षांनी त्या रकान्याला अर्थ दिला की जुना प्रोग्राम मोडतो. तेव्हा मागे फिरावं लागतं ते ड्रायव्हरला.

तक्रार करताना "स्क्रीन गेली" एवढंच लिहू नका. कुठला कर्नल चालत होता, कुठला बिघडला, कार्ड कोणतं, कर्नल लॉगमध्ये काय आलं, हे सगळं द्या. डिस्ट्रोचा (उबुंटू, फेडोरा वगैरेंनी दिलेला) नव्हे, मूळ कर्नल लावून बिघाड पुन्हा दाखवा. आय-९१५ आणि एएमडीजीपीयूच्या तक्रारी फ्रीडेस्कटॉप प्रकल्पाच्या गिटलॅब साइटवर घेतल्या जातात.

कर्नलच्या कोडमधला दोषी बदल सापडला तर सोन्याहून पिवळं. गिट हे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, आणि त्यातला बायसेक्ट दर चाचणीनंतर उरलेले बदल निम्मे करतो, त्यामुळे दहा-पंधरा हजार बदलांतून साधारण चौदा चाचण्यांत नेमका बदल हाती येतो. कर्नलचा गिट इतिहास काही जीबींचा असतो, तेव्हा पावसात रेंजची वाट पाहण्यापेक्षा तो रात्री उतरवायला लावा. कंपाइल (कोडपासून चाचणीचा कर्नल तयार करणं) चालू असताना लाईट गेली तरी घाबरू नका. बायसेक्ट कुठवर आला होता ते गिटच्या फोल्डरमध्ये राहतं, आणि 'मेक' ही कंपाइलची कमांड पुन्हा दिली की सहसा तयार झालेल्या फाइलींच्या पुढून काम सुरू होतं.