गर्भनिरोधक गोळी, सिगारेट आणि व्हेप : साधनाची निवड कशी करावी

गर्भनिरोधक गोळी लिहून देण्यापूर्वी डॉक्टर ‘सिगारेट ओढता का?’ असे विचारतात, तेव्हा केवळ व्हेप (ई-सिगारेट) ओढणारी स्त्री ‘नाही’ असे उत्तर देते आणि तिच्या दृष्टीने ते खोटेही नसते. आठवड्यातून एखाद-दुसरी सिगारेट ओढणारीही बहुधा ‘नाही’च म्हणते, कारण तेवढ्याला ती धूम्रपान मानत नाही, किंवा सोबत आलेल्या माणसासमोर ते बोलणे तिला अवघड जाते. या एका ‘नाही’मुळे साधनाची निवड चुकू शकते. संप्रेरके (हार्मोन्स) असलेली सगळी गर्भनिरोधके सारखी नसतात. त्यांतल्या एस्ट्रोजेन हे संप्रेरक असलेल्या गटाचे धूम्रपानाशी जुळत नाही, तर एस्ट्रोजेन नसलेल्या दुसऱ्या गटातली साधने धूम्रपान करणाऱ्या बहुतेक स्त्रियांना वापरता येतात. म्हणून धूम्रपान करणाऱ्या स्त्रीने गर्भनिरोधनच टाळावे असे अजिबात नाही. तिने आपल्याला योग्य त्या गटातले साधन घ्यावे, एवढेच.

आधी पाकीट उलटून पाहा

आपण काय घेतो आहोत, हे पहिल्यांदा स्वतः वाचावे. गोळ्यांच्या पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत घटक छापलेले असतात. उदाहरणार्थ, एका नेहमीच्या गोळीवर ‘लेव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ मि.ग्रॅ., एथिनिल एस्ट्रॅडायॉल ०.०३ मि.ग्रॅ.’ असे लिहिलेले असते. यातला पहिला घटक प्रोजेस्टिन आणि दुसरा एस्ट्रोजेन; दोन्ही संप्रेरकेच. नावाची सुरुवात किंवा त्यातला एखादा शब्द ‘एस्ट्र’ किंवा ‘एस्टे’ने सुरू होत असेल (एथिनिल एस्ट्रॅडायॉल, एस्ट्रॅडायॉल व्हॅलरेट, एस्टेट्रॉल), तर त्या गोळीत एस्ट्रोजेन आहे असे समजावे. लेव्होनॉरजेस्ट्रेल, डेसोजेस्ट्रेल, ड्रोस्पिरेनोन, नॉरएथिस्टेरॉन ही नावे प्रोजेस्टिनची. ‘जेस्ट्रेल’मध्येही ‘एस्ट्र’सारखा ध्वनी येतो, पण त्याने गोंधळून जाऊ नये. पाकिटावर फक्त प्रोजेस्टिनचे नाव असेल, तर ती एकाच संप्रेरकाची गोळी होय.

दोन्ही संप्रेरके असलेल्या गोळीला संयुक्त गोळी म्हणतात. त्वचेवर चिकटवायचा गर्भनिरोधक पॅच आणि योनीत ठेवायची रिंग हीदेखील संयुक्त साधनेच आहेत. गोळी पोटात जाते आणि पॅच वरच्या वर चिकटतो, म्हणून पॅच सौम्य असेल, असा समज बऱ्याच जणींचा असतो. तो चुकीचा आहे. एस्ट्रोजेन कोणत्याही वाटेने रक्तात आले तरी धूम्रपानाबाबतचा इशारा तोच राहतो.

धोका नेमका कुठून येतो

एस्ट्रोजेनमुळे यकृत फायब्रिनोजेनसारखी रक्त गोठवणारी प्रथिने जास्त तयार करते आणि रक्त प्रमाणाबाहेर गोठू न देणारी काही प्रथिने कमी होतात. निरोगी तरुण स्त्रीच्या बाबतीत हा बदल सहसा पचून जातो. युरोपीय औषध संस्थेच्या आकडेवारीनुसार, संयुक्त गोळी न घेणाऱ्या आणि गरोदर नसलेल्या १०,००० स्त्रियांपैकी वर्षाला सुमारे २ जणींच्या शिरेत रक्ताची गुठळी होते, तर लेव्होनॉरजेस्ट्रेल असलेली संयुक्त गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण ५ ते ७ असते. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांत ते याहूनही जास्त असते, हे विसरू नये. घाबरून गोळी मध्येच सोडून देणे आणि नको असलेले गरोदरपण ओढवून घेणे हा शहाणपणाचा मार्ग नव्हे.

आता यात धूर मिसळा. सिगारेटच्या धुरामुळे रक्तवाहिन्यांच्या आतल्या नाजूक अस्तराला इजा होते, रक्तातल्या बिंबिका (प्लेटलेट्स) एकमेकींना लवकर चिकटू लागतात, कार्बन मोनॉक्साइड प्राणवायूची जागा अडवतो आणि निकोटिनमुळे हृदयाचे ठोके व रक्तदाब वाढून रक्तवाहिन्या आकसतात. म्हणजे एकीकडे रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली आणि दुसरीकडे ज्या नळीतून ते वाहायचे ती नळीच खरबरीत व अरुंद झालेली, अशी ही अवस्था असते. म्हणूनच या जोडीचा खरा धोका हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्यांना, म्हणजे हृदयविकाराच्या झटक्याचा व पक्षाघाताचा आहे. आणि तो दोन वेगवेगळ्या धोक्यांच्या नुसत्या बेरजेपेक्षा मोठा असतो. १९६० साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या पहिल्या गर्भनिरोधक गोळीत १५० मायक्रोग्रॅम एस्ट्रोजेन होते, तर आजच्या बहुतेक गोळ्यांत ते २० ते ३५ मायक्रोग्रॅम असते. धोका त्यामुळे बराच कमी झाला, पण धूम्रपानाचा इशारा मागे घेण्याइतका कमी झाला नाही.

वय आणि सिगारेटींची संख्या

जागतिक आरोग्य संघटनेने गर्भनिरोधकांसाठी पात्रतेचे निकष ठरवले आहेत. त्यांनुसार ३५ वर्षांखालील धूम्रपान करणाऱ्या स्त्रीला संयुक्त साधन सहसा वापरता येते. वय ३५ किंवा त्याहून जास्त असून दिवसाला १५पेक्षा कमी सिगारेटी असतील, तर ते सहसा वापरू नये. आणि त्याच वयात दिवसाला १५ किंवा त्याहून जास्त सिगारेटी असतील, तर ते मुळीच वापरू नये. अमेरिकेत संयुक्त गोळ्यांच्या माहितीपत्रकावर हा इशारा ठळक चौकटीत छापावा लागतो.

पस्तिशी ही काही एका रात्रीत ओलांडायची भिंत नव्हे. वयाबरोबर धमन्यांचा धोका मुळातच वाढत जातो आणि साधारण या टप्प्यापासून धूम्रपानाने त्यात पडणारी भर दुर्लक्ष करण्याजोगी राहत नाही, म्हणून ती रेघ तिथे ओढली आहे. चौतीस वर्षे आणि अकरा महिने वयाच्या स्त्रीने ‘अजून महिनाभर चालेल’ असा हिशेब करू नये. पुढच्या भेटीतच दुसऱ्या साधनाची चर्चा सुरू करावी.

वय कमी असले तरी काही गोष्टी या हिशेबापलीकडच्या आहेत. अर्धशिशीच्या आधी डोळ्यांसमोर नागमोडी चकाकत्या रेषा दिसणे किंवा हात-चेहरा बधिर होणे असे अनुभव येत असतील, तर धूम्रपान असो वा नसो, संयुक्त साधन वर्ज्य आहे. वरचा रक्तदाब १४० किंवा खालचा ९०च्या वर, पूर्वी झालेली गुठळी, नुकतेच बाळंतपण, मधुमेह, किंवा बराच काळ अंथरुणावर राहावे लागेल अशी मोठी शस्त्रक्रिया, यांपैकी जे लागू असेल ते न विचारताही डॉक्टरांना सांगावे. गोळी सुरू करण्यापूर्वी रक्तदाब मोजून घ्यावा, आणि मोजण्याआधी अर्धा तास सिगारेट, व्हेप व कॉफी घेऊ नये, नाहीतर आकडा फसवा येतो.

व्हेपचा हिशेब कसा सांगावा

वरचे निकष सिगारेटींची संख्या मोजतात. व्हेपची मोजणी त्यांत नाही. व्हेपमध्ये तंबाखू जळत नाही, त्यामुळे कार्बन मोनॉक्साइड आणि जळण्यातून निघणारी बरीच विषारी द्रव्ये टळतात, ही गोष्ट खरी आहे आणि ती मान्य केली पाहिजे. पण बहुतेक व्हेपमध्ये निकोटिन असते आणि ठोके व रक्तदाब वाढवण्याचे त्याचे काम तिथेही चालूच राहते. व्हेप आणि एस्ट्रोजेन यांच्या जोडीचा वर्षानुवर्षांचा अभ्यास अजून हाती नाही. म्हणून ३५ वर्षांवरील व्हेप ओढणाऱ्या स्त्रीने, सिगारेट ओढत नसली तरी, एस्ट्रोजेन नसलेले साधन आधी विचारात घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. तितकेच परिणामकारक आणि निर्धोक पर्याय उपलब्ध असताना संशयाचा फायदा गोळीला कशासाठी द्यायचा?

डॉक्टरांना नुसते ‘थोडे ओढते’ म्हणू नये. व्हेपच्या द्रवावर निकोटिनची तीव्रता दिलेली असते : ‘२० मि.ग्रॅ./मि.लि.’ किंवा ‘२ टक्के’, दोन्हींचा अर्थ एकच. २ मि.लि.च्या एका भरणीत मग ४० मि.ग्रॅ. निकोटिन असते. ती भरणी दोन दिवसांत संपत असेल, तर दिवसाला सुमारे २० मि.ग्रॅ. निकोटिनचा द्रव तुम्ही वापरता. ते सगळेच्या सगळे रक्तात उतरत नाही आणि त्याचे सिगारेटींत थेट रूपांतरही करू नये, पण सवय हलकी की जड हे डॉक्टरांना त्यावरून कळते. सकाळी उठल्यावर पहिला झुरका किती वेळाने लागतो, हेही सांगावे. व्हेपच्या जोडीने अधूनमधून सिगारेटही चालू असेल, तर स्वतःला सिगारेट ओढणाऱ्यांतच धरावे. ‘निकोटिनविरहित’ असे लिहिलेल्या द्रवांतही निकोटिन सापडलेले आहे, म्हणून त्या शब्दावर सगळा भरवसा टाकू नये.

एस्ट्रोजेन नको, मग काय घ्यावे

पर्याय भरपूर आहेत. फक्त प्रोजेस्टिनची गोळी, दंडाच्या त्वचेखाली बसवायची बारीक कांडी म्हणजे इम्प्लांट, दर तीन महिन्यांनी घ्यायचे इंजेक्शन आणि गर्भाशयात बसवायचे लेव्होनॉरजेस्ट्रेलचे साधन या सर्वांना जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत धूम्रपानापुरती कोणत्याही वयात आडकाठी नाही. तांबीत (कॉपर-टी) तर संप्रेरकच नसते, आणि तिच्या काही प्रकारांचे आयुष्य १० वर्षांचे असते. इंजेक्शनबाबत एक अपवाद लक्षात ठेवावा : धूम्रपानासोबत वय, मधुमेह, रक्तदाब असे हृदयाला धोक्याचे अनेक घटक एकत्र आले असतील, तर ते सहसा टाळतात.

प्रोजेस्टिनच्या साधनांत पाळी अनियमित होणे किंवा मधेमधे थोडे रक्त दिसणे हे नेहमीचे आहे. ते आधीच माहीत असले म्हणजे पहिल्याच महिन्यात साधन सोडण्याची वेळ येत नाही. प्रोजेस्टिनच्या गोळीला वेळेचे बंधन मात्र कडक असते. जुन्या प्रकारांत तीन तासांपेक्षा जास्त उशीर झाला की संरक्षण ढळते. डेसोजेस्ट्रेलच्या गोळीत ही मुभा १२ तासांची आहे.

संयुक्त गोळीवरून बदल करताना मध्ये खंड पडू देऊ नये. संप्रेरक असलेली शेवटची गोळी घेतली की दुसऱ्याच दिवशी प्रोजेस्टिनची गोळी सुरू करावी. मधला बिनऔषधी गोळ्यांचा आठवडा घेऊ नये. तांबी किंवा इम्प्लांटसाठी तारीख मिळायला वेळ लागणार असेल, तर तोवर काय वापरायचे हे त्याच भेटीत विचारून घ्यावे, आणि काहीच ठरले नाही तर निदान कंडोम वापरावा.

सिगारेट सोडायचे ठरवल्यास

गर्भनिरोधक बदलणे हा धोका टाळण्याचा जवळचा रस्ता, पण सिगारेट सोडण्याचा लाभ कोणत्याही गोळीच्या निवडीपेक्षा मोठा आहे. शेवटच्या सिगारेटनंतर साधारण १२ तासांत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड पूर्वपदावर येतो आणि वर्षभरात हृदयविकाराचा जादा धोका जवळपास निम्मा होतो. निकोटिनचे पॅच किंवा च्युइंगगम वापरल्याने गर्भनिरोधकाचा परिणाम घटत नाही, म्हणून त्या भीतीने मदत नाकारू नये. सिगारेट सोडल्याबरोबर लगेच संयुक्त गोळी परत मागू नये. पस्तिशीनंतर धूम्रपान सोडून एक वर्ष पूर्ण होईपर्यंत एस्ट्रोजेन टाळावे, असे ब्रिटनमधले निकष सांगतात. सिगारेटऐवजी व्हेप धरला असेल, तर वर्षाची मोजणी कधीपासून करायची हे डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे.

ज्यांत थांबू नये अशी लक्षणे

संयुक्त साधन वापरत असताना एका पायाची पोटरी दुखून सुजणे, छातीत दुखणे किंवा एकाएकी धाप लागणे, खोकल्यातून रक्त पडणे, पूर्वी कधी न झालेली अशी तीव्र डोकेदुखी, अचानक अंधुक किंवा दोन-दोन दिसणे, बोलताना जीभ अडखळणे, चेहऱ्याची वा शरीराची एक बाजू लुळी पडणे, किंवा पोटात असह्य कळा येणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नये आणि पुढची गोळी घेऊ नये. तातडीच्या विभागात जाऊन, कुणी विचारण्याची वाट न पाहता, पहिल्या वाक्यातच ‘मी एस्ट्रोजेनची गर्भनिरोधक गोळी घेते आणि सिगारेट किंवा व्हेप ओढते’ असे सांगावे आणि गोळ्यांचे पाकीट डॉक्टरांच्या हाती द्यावे.